जिरा या कामाची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या व्हेलॉसिटी चार्टमध्ये (प्रत्येक टप्प्यात किती काम ठरलं आणि किती झालं, तो आलेख) ४२ पॉइंट (कामाच्या आकाराचा अंदाजी आकडा) आणि आमच्या एक्सेलमध्ये ५१, मधले ९ कुठे गेले?

कुठेच गेले नाहीत, भाऊ. चार्टवरची ४२ ची कमिटमेंट, म्हणजे ठरवलेलं काम, 'स्टार्ट स्प्रिंट' दाबलं त्या क्षणाची आहे; स्प्रिंट म्हणजे ठरावीक मुदतीचा कामाचा टप्पा. नंतर आत आलेली स्टोरी (कामाचा एक तुकडा) किंवा बदललेलं एस्टिमेट (पॉइंटांचा अंदाज) तिच्यात धरलंच जात नाही. एक्सेल मात्र तुम्ही डाउनलोड केलं त्या क्षणाचं.

स्प्रिंट रिपोर्ट उघडा. इश्यूच्या (स्टोरी, बग अशी जिरातली कुठलीही नोंद) क्रमांकाशेजारी तारा दिसला, की तो स्प्रिंट सुरू झाल्यावर आलाय. एस्टिमेट बदललं असेल तर मध्ये बाण देऊन जुना आणि नवा असे दोन्ही आकडे दिसतात. आधी एवढा फरक मांडा. उरलेला बहुतेक वेळा सब-टास्कचा (स्टोरीखालच्या छोट्या कामांचा) निघतो.

इथे नागपूरच्या मिहानमधल्या एका टीमचा असाच वाद झाला होता. चार्टवर ३८, एक्सेलमध्ये ४६. मधल्या ८ चा हिशोब असा: मध्येच घुसवलेला ३ पॉइंटांचा बग, ३ वरून ५ केलेली एक स्टोरी म्हणजे २, आणि तीन सब-टास्कवर प्रत्येकी १. बोर्डाचे (कामं कॉलमवार दाखवणाऱ्या जिरातल्या फळ्याचे) रिपोर्ट सब-टास्कवरचे पॉइंट मोजत नाहीत. एक्सपोर्टमध्ये मात्र ते स्टोरीच्या बरोबरीने रांगेत येतात आणि तेच काम दोनदा मोजलं जातं. मॅनेजरचं म्हणणं, बगवरचे पॉइंट पुसा, आकडा जवळ येईल. माझा याला तेव्हाही विरोध होता, आजही आहे. पॉइंट पुसले की मध्येच किती काम लादलं गेलं याचा पुरावाच जातो, आणि कमी काम केल्याचा ठपका पोरांवर येतो. काढायचेच असतील तर सब-टास्कवरचे काढा. पॉइंट स्टोरीवर, सब-टास्कवर हवे तर तास.

'कम्प्लीटेड'चा आकडा जुळत नसेल तर बोर्डाच्या सेटिंगमध्ये कॉलम बघा. सगळ्यात उजव्या कॉलममधलं स्टेटस तेवढंच पूर्ण धरलं जातं. 'क्यूए पास' (चाचणीत पास) त्याच्या अलीकडच्या कॉलममध्ये असेल, तर ती स्टोरी अपूर्णच. कोणत्याच कॉलमला न जोडलेल्या स्टेटसमधला इश्यू तर बोर्डावर दिसतच नाही.

अमेरिकेतला क्लायंट असेल तर वेळही तपासा. नागपुरात शुक्रवारी संध्याकाळी ६ ला 'कम्प्लीट स्प्रिंट' दाबलं, तेव्हा उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे ८.३० वाजलेले असतात. त्यांनी दुपारी डन केलेली स्टोरी या स्प्रिंटमध्ये मोजली जात नाही; ती पुढच्या स्प्रिंटमध्ये हलवलेली असेल आणि तो तोवर सुरू झालेला असेल, तर त्यात मोजली जाते, तीही पूर्ण पॉइंटांसकट. तिच्या स्प्रिंट फील्डमध्ये जुन्या स्प्रिंटचं नाव राहतंच. म्हणून स्प्रिंटच्या नावाने शोधून दोन्ही बेरजा एकत्र केल्या, की ती दोनदा येते. अर्धं झालं म्हणून अर्धे पॉइंट देण्याची मागणी होईल. देऊ नका.

हे सगळं कंपनी-मॅनेज्ड प्रोजेक्टबद्दल (ज्याची सेटिंग जिराचा अ‍ॅडमिन ठरवतो) सांगितलं. टीम-मॅनेज्डमध्ये (जिथे सेटिंग टीम स्वतः ठरवते) पॉइंटांचं फील्डच वेगळं असतं, 'स्टोरी पॉइंट एस्टिमेट'. दोन्ही प्रकारचे प्रोजेक्ट एकाच एक्सेलमध्ये घेतले असतील, तर दोन कॉलम येतात आणि बेरीज अनेकदा एकाचीच होते. शिवाय रिपोर्ट बोर्डाच्या फिल्टरवर, म्हणजे कोणते इश्यू दाखवायचे या अटीवर, चालतो. तोच स्प्रिंट दुसऱ्या बोर्डावरून उघडला तर वेगळी बेरीज दिसू शकते, तेव्हा मॅनेजर आणि तुम्ही एकच बोर्ड बघताय ना, हे आधी विचारून घ्या.