तीन एअर रायफली, तीस हजारांची ऑफर आणि कृषी केंद्राची उधारी

प्रश्न (दारव्हा तालुका, यवतमाळ): मित्र वारला. 'माझ्या तिन्ही एअर रायफली याला द्या' असं तो सांगायचा, म्हणून वहिनींनी त्या आणून दिल्या. एक जर्मन फाइनवेर्कबाउ 300 एस, एक डायना 35 (.22), एक देशी (भारतीय बनावटीची) स्प्रिंगची. एक जण तिन्हींचे 30 हजार देतो. विकू, की दुरुस्त करून विकू? कृषी केंद्राची 40 हजार उधारी आहे, महिना शेकडा दोनने.

उत्तर: ढिगाने विकू नका. पण त्याआधी, त्या तुमच्या आहेत का? तोंडी सांगणं म्हणजे मृत्युपत्र नव्हे. दोन साक्षीदारांच्या सह्यांचा कागद नसेल तर मालकी वहिनी, मुलं आणि मित्राची आई हयात असेल तर तिचीही. सगळ्यांनी बंदुकीच्या नंबरासह 'बक्षीस दिली' असं लिहून सही करावी. एखादं मूल अज्ञान असेल तर त्याचा हिस्सा कोणी बक्षीस देऊ शकत नाही. तसं असेल तर विकून पैसे वहिनींकडेच द्या.

डायना जाड नळीची, म्हणून तिलाच जास्त भाव येईल असं वाटतं. उलट आहे. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार .177 इंचापर्यंत नळीची आणि 20 ज्यूलपर्यंत ताकदीची एअर रायफल परवान्याशिवाय चालते; .22 ला परवाना लागतो. परवान्याचा कागद नसेल तर ती हिशेबातून काढा, वकिलाला विचारून पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि जमा करा. फुकट गेली तरी चालेल.

खरा माल म्हणजे फाइनवेर्कबाउ. ती 10 मीटर नेमबाजीची आहे, 20 ज्यूलच्या बरीच खाली. (0.53 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 275 मीटरने सुटला तर 20 ज्यूल होतात.) रायफल क्लबमध्ये क्रोनोग्राफवर (छर्र्याचा वेग मोजणारं यंत्र) एकाच डबीतले दहा छर्रे मारून घ्या. सरासरी नको, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगातला फरक पाहा: सेकंदाला चार-पाच मीटर असेल तर ठीक, पंधरा-वीस असेल तर वॉशर किंवा स्प्रिंग गेली. मागचा डायॉप्टर (बारीक भोकाची साइट) आणि पुढच्या साइटच्या रिंगा मूळच्या आहेत का बघा. त्या नसल्या की गिऱ्हाईक भाव पाडतं. छर्रा न घालता चाप ओढून दाखवू नका. पुढे हवेची गादी नसते, दट्ट्या थेट आदळतो. कुंद्याला ताजं पॉलिश तर मुळीच नको, जाणकाराला त्यात लपवाछपवीच दिसते. दुरुस्तीही फक्त हिची, तीही वॉशर-स्प्रिंगपुरती. देशीवर एक रुपया घालू नका. नव्या देशी बंदुकीची किंमत हीच तिची कमाल मर्यादा.

आता थांबायचं किती? 30 हजार आज उधारीत भरले तर महिन्याला 600 रुपये व्याज वाचतं, म्हणजे तीन महिने थांबण्याचा खर्च 1,800. एकट्या फाइनवेर्कबाउला क्लबमधून 35 हजार मिळाले तरी थांबणं परवडलं. तीन महिन्यांत गिऱ्हाईक नाही आलं तर त्याच माणसाकडे जा, पण डायना वगळून.

पैसा आला की आधी कृषी केंद्र. पीक कर्ज तीन लाखांपर्यंत मुदतीत फेडलं तर पंजाबराव देशमुख योजनेत व्याज शून्यावर येतं, ते घाईने फेडण्यात काय अर्थ? स्वतःच्या वापराची वस्तू ठरली तर विक्रीवर भांडवली नफ्याचा करही नाही.

रोही-रानडुक्कर हाकलायला बंदूक मागणाऱ्याला देऊ नका, टिपेश्वर अभयारण्याच्या कडेच्या गावात तर नाहीच. 8-10 ज्यूलने रानडुक्कर पळत नाही, जखमी होतं, आणि वन विभाग चौकशीला आला की नंबरावरून तुमचं नाव निघतं. विकताना आधारची प्रत, बंदुकीचा नंबर, तारीख आणि रक्कम असलेल्या दोन पावत्या करा. एक स्वतःकडे ठेवा.