सीएफडी शिकायचंय ना, मग टी-जंक्शनपासून सुरू कर

तुझा मेल वाचला. न्यूक्लिअरसाठी सीएफडी, म्हणजे प्रवाहाचं कॉम्प्युटरवर गणित, शिकायचंय आणि पहिल्याच प्रोजेक्टला अख्खा रिअॅक्टर कोर घ्यायचाय, उत्साह बघून खरंच बरं वाटलं, पण माझं ऐकशील तर कोरला सध्या हात लावू नकोस. एक टी-जंक्शन घे. थंड पाण्याच्या पाइपला बाजूने गरम पाण्याचा पाइप येऊन मिळतो, बस एवढंच.

आता हेच का, तर मे १९९८ मध्ये फ्रान्समधल्या सिव्हो प्लांटच्या पहिल्या युनिटमध्ये अशाच मिक्सिंगच्या जागेच्या पुढे पाइपच्या एल्बोला आरपार तडा गेला आणि तासाला साधारण ३० घनमीटर पाणी गळायला लागलं. प्लांट नवाकोरा होता, ग्रिडला जोडून वर्षही झालं नव्हतं. रिअॅक्टर बंद केल्यावर उरलेली उष्णता काढणारी लाइन होती ती. गरम आणि गार पाणी नीट मिसळायच्या आत भिंतीला आळीपाळीने लागत राहिलं, धातू सारखा प्रसरण-आकुंचन पावत राहिला आणि थकला. थर्मल फटीग म्हणतात तो हाच.

हीच केस तू के-एप्सिलॉन (टर्ब्युलन्सचं, म्हणजे प्रवाहातल्या खळबळीचं, नेहमीचं मॉडेल) लावून स्टेडी, म्हणजे वेळेनुसार न बदलणारी, चालवलीस तर रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) छान खाली येतील, तापमानाचं गुळगुळीत चित्र मिळेल आणि त्यात तडा जायचं कारणच दिसणार नाही, कारण रॅन्स, म्हणजे के-एप्सिलॉन ज्यात मोडतं ती पद्धत, तुला सरासरी देतं आणि पाइप फुटतो तो सरासरीमुळे नाही, चढउतारांमुळे. त्यासाठी एलईएस लागतं, ज्यात मोठे भोवरे वेळेनुसार प्रत्यक्ष सोडवतात. त्यातही सगळे चढउतार सारखे नसतात, फार वेगाने होणारे भिंतीच्या वरच्या थरातच विरतात, सेकंदाला एखाददुसरा असे संथ असतील ते आत खोलवर पोचतात. म्हणून सॉल्व्हर (गणित सोडवणारा प्रोग्रॅम) उघडायच्या आधी स्वतःला विचार, मला नेमकी कुठली राशी हवीये? मॉडेल त्यावरून ठरतं.

सुदैवाने याचा मोजलेला डेटा आहे. स्वीडनच्या व्हॅटनफॉल या वीज कंपनीच्या लॅबमध्ये १४० मिमीच्या पाइपला १०० मिमीचा पाइप जोडून प्रयोग केला होता आणि त्यावर ओईसीडीच्या न्यूक्लिअर एनर्जी एजन्सीने ब्लाइंड बेंचमार्क घेतला, म्हणजे लोकांनी आधी उत्तरं द्यायची, मोजमाप नंतर बघायचं. तूही तसंच कर, आधी उत्तर लिहून ठेव.

आणि हाताने गणित कर प्लीज. समजा १९ डिग्रीचं पाणी तीन भाग, ३६ चं दोन भाग, तर पूर्ण मिसळल्यावर २५.८ यायला हवं. तुझ्या आउटलेटवर सरासरी २७ दिसतंय? मग टर्ब्युलन्स मॉडेलला दोष देऊ नकोस, आधी बाउंड्री कंडिशन, म्हणजे कडांवर दिलेले वेग-तापमान, तपास. मेश (पाइपच्या आतल्या जागेचे केलेले छोटे तुकडे) तीन तरी कर, जाड, मध्यम, बारीक, आणि उत्तर किती सरकतं ते बघ. वाय-प्लस (भिंतीलगतच्या पहिल्या तुकड्याचं भिंतीपासूनचं एककरहित अंतर) बघायला विसरू नकोस, वॉल फंक्शन (भिंतीजवळचा प्रवाह न सोडवता वापरायचं तयार सूत्र) वापरत असशील तर ३० च्या वर, भिंतीपर्यंत नीट सोडवायचं असेल तर १ च्या आसपास. एलईएसला सुरुवातीचा काळ फेकून द्यावा लागतो, मगच सरासरी घ्यायची, घाईत लोक तिथेच गंडतात.

सॉफ्टवेअरसाठी पैसे घालवू नकोस. ओपनफोम आहे, फ्रान्सच्या ईडीएफ या वीज कंपनीचं कोड सॅटर्नही फुकट आहे, आणि सिव्हो प्लांटही ईडीएफचाच. इंधनाचे बंडल नंतर करू, आपल्या तारापूरच्या ५४० मेगावॉटच्या युनिट्समध्ये ३७ पिनांचं (इंधनाच्या सळ्यांचं) बंडल असतं, त्यातल्या एका सबचॅनेलपासून, म्हणजे पिनांमधल्या एका फटीपासून, सुरुवात करता येईल. पाण्याऐवजी द्रव सोडियमने थंड होणाऱ्या रिअॅक्टरकडे वळशील तेव्हा मात्र सांभाळून, तिथे उष्णता इतक्या पटकन पसरते की पाण्यासाठी डोळे झाकून वापरलेला टर्ब्युलंट प्रांटल नंबर (खळबळीने वेग आणि उष्णता किती पसरतात त्याचं गुणोत्तर) ०.८५ तिथे तसाच चालत नाही.

तूर्तास टीच्या पुढे, भिंतीपासून एक मिलिमीटरवर एक प्रोब (तापमान नोंदवायचा बिंदू) लाव आणि तिथला वेळ-तापमानाचा ग्राफ तिन्ही मेशसाठी एकावर एक काढून पाठव, रविवारी कॉलवर बसून बघू.