'छंग-तान'च्या सोबतीला कोण येतं?

प्रिय,

तुझी वही पाहिली. 'छंग-तान' या चिनी क्रियापदासमोर तू 'जबाबदारी घेणे' लिहिलं आहेस. अर्थ बरोबर आहे, पण तेवढ्यानं ते वापरता येणार नाही. त्याच्या सोबतीला येणारी नामंही तिथेच लिही : च-रन म्हणजे जबाबदारी, फेई-युंग म्हणजे खर्च, फंग-श्येन म्हणजे जोखीम, हौ-कुओ म्हणजे परिणाम. मराठीत आपण जबाबदारी घेतो, खर्च सोसतो, जोखीम पत्करतो, परिणाम भोगतो. चिनीत या चारही ठिकाणी छंग-तान चालतं. म्हणून जोड्याच पाठ कर.

उच्चारात 'छंग'चा स्वर, म्हणजे आवाजाचा सूर, चढता, 'तान'चा उंच आणि सपाट. पिनयिनमध्ये, म्हणजे चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याच्या पद्धतीत, 'डी' दिसला तरी 'दान' म्हणू नकोस. 'तान'चं चिन्ह तुझ्या ओळखीचं आहे. काळजी करणे या अर्थाच्या 'तान-शिन'मध्ये तेच येतं. हेच चिन्ह उतरत्या चौथ्या स्वरात वाचलं की कावडीवरचं ओझं.

हे क्रियापद औपचारिक आहे. रोजच्या बोलण्यात 'हे काम मी बघते' म्हणायला फू-च पुरे. पद सांभाळायचं असेल तर तान-रन, मनावरचा ताण सोसायचा असेल तर छंग-शौ.

तुला करारांचा अनुवाद करायचा आहे, तेव्हा खरा अभ्यास तिथेच. 'युन-फेई यौ माय-फांग छंग-तान' : वाहतूक खर्च खरेदीदाराने सोसावा. 'यौ'नंतर जो येतो, त्याच्या खिशातून पैसे जातात. इथे फार जपून राहा, कारण खरेदीदार आणि विक्रेता दोघेही 'माय-फांग'च. खरेदीदाराचा 'माय' तिसऱ्या स्वरात, विक्रेत्याचा चौथ्या. लिहिताना विक्रेत्याच्या चिन्हावर दहाच्या आकड्याचं चिन्ह, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखी फुली, जास्तीची बसते. बैठकीत ऐकलेलं तेवढ्यावर सोडू नकोस, कागदावर बघून खात्री कर. मी आजही तसंच करते.

चीनची नागरी संहिता 1 जानेवारी 2021 पासून लागू आहे. तिचं कलम 577 करारभंगाबद्दल आहे. त्यात छंग-तान येतं, पण त्याचं कर्म लगेच येत नाही. मध्ये कराराची पूर्तता चालू ठेवणे, दुरुस्तीचे उपाय करणे, नुकसानभरपाई देणे अशी लांबलचक यादी आहे, आणि अगदी शेवटी 'वेई-युए च-रन', करारभंगाची जबाबदारी. आपल्या भाषेत क्रियापदाची वाट बघावी लागते, इथे नामाची. नवखे अनुवादक मधल्या यादीतच अडकतात आणि वाक्य मोडून टाकतात. आधी छंग-तानखाली रेघ मार, मग च-रनखाली, आणि मधला मजकूर त्यानंतर वाच.

पुढच्या भेटीला हे कलम स्वतःच्या हातानं उतरवून आण, खाली तुझा मराठी अनुवाद लिही. शब्दकोश वापरलास तरी चालेल.

तुझी ताई