न्हाण म्हणजे काय?

प्रिय चिऊ,

आजीला १६व्या वर्षी न्हाण आलं, ताईला ११व्यातच पाळी आली, मग मला १३ पूर्ण होऊनही का नाही, आणि न्हाण म्हणजे काय गं, असं तू विचारलंस. हे तुला वडोद्याला, दांडिया बाजारातल्या घरी, शेजारी बसून सांगायला हवं होतं. लंडनहून लिहावं लागतंय.

पाळी सुरू करायचा इशारा मेंदू देतो. त्यासाठी अंगात पुरेशी चरबी साठल्याचा निरोप त्याला लागतो. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात, तोच हा निरोप. आजीच्या माहेरी सात भावंडं, दूध धाकट्यांपुरतं, पावसाळा आला की ताप. तिला उशीर झाला त्यात नवल नाही. युरोपातही दीडशे वर्षांपूर्वी मुलींना १६-१७व्या वर्षी पाळी येई; खाणं सुधारलं, आजार घटले, तसं ते वय १३च्या आसपास आलं. ताईचं अंग भरलेलं. तू सडपातळ, त्यात रोज दोन तास मल्लखांब. शिवाय मलाही १४व्या वर्षी आली, आणि यात मुली पुष्कळदा आईवर जातात. १५ पूर्ण होऊनही आली नाही तर डॉक्टरांना दाखवू.

आता न्हाण. पूर्वी लग्नं लहानपणीच व्हायची. सासरी-माहेरी सगळे पहिल्या पाळीची वाट बघत. ती आली की मुलीला फुलांच्या मखरात बसवायचं, चौथ्या दिवशी न्हाऊ घालायचं, ओटी भरायची आणि नवऱ्याच्या खोलीत पाठवायचं. त्या पोरीला काय वाटतं, कुणी विचारत नसे. आपल्या वडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०४ साली बालविवाहाविरुद्ध कायदा केला, तेव्हा मुलीचं किमान वय ठरलं १२. तुझ्याहून एक वर्ष लहान, चिऊ!

माझ्या वेळी मखर नव्हतं. आजीने ओवाळलं, हातावर गूळखोबरं ठेवलं. मग चार दिवस माझं ताट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर वाढलं आणि मामाला सांगितलं, ‘तिला कावळा शिवलाय.’ आमटी वाढायला ती वाकायची, पण माझ्या ताटाला वाटीही लागू द्यायची नाही. ते मला आजही खुपतं.

काल तिच्याशी बोलले. बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘चिऊचं ताट आतच वाढीन. गूळखोबरं मात्र देणार हं.’

पॅड तुझ्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात आहेत.

तुझी,
आई