दहावीचं वर्ष कोकणात: जूनपासूनच सांभाळायच्या गोष्टी

शाळा सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात बोनाफाईड मागून घे आणि एसटीचा पास काढ. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत तो मोफत मिळतो, मुलग्यांना एक तृतीयांश भाडं भरावं लागतं. उशीर केलास तर रोज सुटे पैसे मोजत बसशील.

पावसात वह्या भिजतात त्या दप्तराच्या तळाकडून, वरून नाही. म्हणून दप्तरावर रेनकोट असला तरी आत जाड प्लास्टिकची पिशवी हवीच. विज्ञानाचं जर्नल त्यात सर्वांत वर ठेव. शाई पसरलेलं पान पुन्हा लिहावं लागतं.

खरी घसरण गणपतीत होते. आरत्या, पाहुणे, मुंबईकर भावंडं, यात पंधरा दिवस कुठे जातात कळत नाही. सण मनसोक्त कर, पण रोज पहाटे भूमितीचं एक प्रमेय आणि एक रचना सोडव. गणित भाग १ आणि २ चे पेपर ४०-४० गुणांचे, अंतर्गत २०. रचनेत कंपासचे कंस कधीही पुसू नकोस. नुसती नीट आकृती दिसली तर ती कशी काढली हे तपासनिसाला कळत नाही आणि हातचे गुण जातात. पेन्सिल टोकदार हवी, कंपासचा स्क्रू घट्ट हवा. तो ढिला असला की त्रिज्या सरकते आणि स्पर्शिका चुकते.

बोर्डाचा फॉर्म भरताना नाव, आईचं नाव, जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरशी अक्षर न् अक्षर ताडून बघ.