शेगडीतला राजपुत्र

प्रश्न : इंग्लंडच्या दुसऱ्या जेम्सचा मुलगा खरा नव्हता, असे म्हणतात. ते खरे का? (एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे)

उत्तर : नाही. १० जून १६८८ रोजी राणी मेरी हिला मुलगा झाला आणि राजाच्या प्रोटेस्टंट मुलींच्या आधी त्या कॅथलिक बालकाचा गादीवर हक्क लागू लागला. तेव्हा अंथरूण ऊबदार करायच्या, लांब दांड्याच्या निखाऱ्यांच्या भांड्यातून परके मूल आणल्याची कंडी कॅथलिक वारस नको असलेल्या विरोधकांनी पिकवली. प्रसूतीच्या वेळी दालन दरबाऱ्यांनी भरलेले होते! ऑक्टोबरमध्ये राजाने ४०हून अधिक जणांच्या जबान्या नोंदवल्या, तरी वर्षअखेर त्याला फ्रान्सला पळावे लागले. दत्तकावरून १८४८ मध्ये खालसा झालेले सातारा आठवते. पण इथे तर पोटचा मुलगाच नाकारला गेला, ही मला फार क्रूर गोष्ट वाटते.