कोकणात राहून कम्युनिटी कॉलेजातून चित्रकला-नाट्याचा डिप्लोमा केला तर बीएफएला उपयोग होतो का, की वर्ष फुकट जातं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की मुलगी बारावीला आहे, घर कुडाळजवळ, आणि चित्रकलेचे सर म्हणतात, "गंजिफा, दशावतार शिकवणारा कोर्स म्हणजे कारागिरी, ती कला नव्हे. मुंबईला पाठवा." मी उत्तर लिहायला बसलो ते या वाक्यामुळे.

आधी तुमचा प्रश्न. बीएफएचा, म्हणजे कलेच्या पदवीचा, प्रवेश बारावीनंतर राज्याच्या सीईटी या प्रवेशपरीक्षेवर होतो आणि हा डिप्लोमा सीईटीला पर्याय नाही. सीईटीत वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञान असतं. म्हणजे शेवटी हात किती तयार आहे ते बघतात. हात कुठे तयार होतो याबद्दल सरांचं म्हणणं मला अजिबात मान्य नाही.

सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा जोड, घ्या. १२० पानं, १० रंग (एकेका अवताराचा एकेक), प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतची पानं. मत्स्याच्या दहाच्या पानावर, तळहातात मावणाऱ्या गोलात, दहा मासे बसवायचे. सगळे कडेने फिरवले तर मधली जागा ओस पडते, ओळीत मांडले तर कडेला वेडेवाकडे तुकडे उरतात. कडेला सात आणि आत तीन घेतले की गोल भरतो, पण मग आतल्या तिघांची तोंडं कुठे करायची हे सुटेपर्यंत चार-पाच कच्ची रेखाटनं होतात. शिवाय दहाही मासे एकाच मापाचे, पेन्सिल न लावता, थेट कुंचल्याने. संकल्पचित्राच्या पेपरात याहून वेगळं काय विचारतात ते सरांनी सांगावं.

आता पानाची जमीन, म्हणजे ज्यावर रंगवायचं तो पृष्ठभाग. हल्ली बहुतेक काम जाड कागदावर होतं. पण कोर्समध्ये जुन्या पद्धतीने कापडावर एकदा तरी करून घेतात का, हे प्रवेश घेण्याआधी विचारा. भाजून, साल काढून दळलेल्या चिंचोक्याचं पीठ एक वाटी आणि पाणी आठ-दहा वाट्या. पीठ थंड पाण्यातच भुरभुरवायचं, गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात आणि त्या मग कशानेही मोडत नाहीत. मंद आचेवर ढवळत शिजवायचं, फडक्यातून गाळायचं. ही खळ दोन दिवसांत आंबते. टिकवायची तर चिमूटभर मोरचूद घालतात, पण तो विषारी असतो, त्याचं भांडं वेगळं ठेवायचं. कापड सुती, जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं हवं. नव्या कापडातली कांजी खळीला आत शिरू देत नाही आणि थर पुढे सुटतात. दोन-तीन थर एकावर एक चिकटवून सुकले की खळीत खडूची पूड कालवून ताकाइतकं पातळ करायचं आणि त्याचे तीन-चार हात द्यायचे, दोन्ही बाजूंनी. एकाच बाजूला दिलात तर खळ सुकताना आखडते आणि पान वाटीसारखं वळतं. शेवटी गुळगुळीत दगडाने घोटायचं.

बिघडतं ते बहुतेक प्रमाणात. सुकल्यावर बोट फिरवून पांढरं लागलं तर खळ कमी पडली. पान जरा वाकवल्यावर जाळीसारख्या भेगा दिसल्या तर खळ जास्त झाली, नाहीतर हात जाड गेला. उन्हात घाई करून सुकवलं तरी भेगा पडतातच. सावली आणि खेळता वारा, बस. जुलैत मात्र आपल्याकडे यातलं काहीही धड सुकत नाही, बुरशी धरते, रंग फुटतो. रंगवलेल्या पानावर चकाकीसाठी देतात ती स्पिरिटमधली लाख पावसाळी हवेत लावली तर दुधाळ होते, कारण स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर धरतं. कोरड्या दिवशी नुसत्या स्पिरिटचा हलका हात फिरवला की बरंचसं साफ होतं. म्हणून जमिनीची पानं दिवाळीनंतर करून साठवावीत आणि पावसाळ्यात रेखांकन, वस्तुचित्र करावं. ज्या कॉलेजचं वेळापत्रक ऑगस्टमध्ये लाखकाम दाखवतं, तिथे ते वेळापत्रक कागदावर बसून केलेलं आहे असं समजा.

नाट्याचंही गणित ऋतूवरच. दशावताराचे प्रयोग कार्तिकातल्या जत्रांपासून पाऊस तोंडावर येईपर्यंत. लिखित संहिता नाही. आख्यान ठरलेलं, संवाद नट उभ्याउभ्या रचतात. मुलीला समोर बसवू नका. पेटी आणि मृदंगवाल्यांच्या बाजूला बसू द्या. नटाचं वाक्य लांबायला लागलं की पेटीवाला सूर धरून त्याला पदावर, म्हणजे गाण्यावर, कसा आणतो, ते तिथूनच दिसतं. प्रयोगाआधी रंगायला बसलेले नटही बघावेत, कारण मेकअप ज्याचा तोच करतो. तेलातल्या रंगावर पावडर नीट बसवली नाही तर घामाने तासाभरात चेहरा ओघळतो, आणि ही चूक वर्गात कधीच होत नाही, कारण वर्गात कोणी मुकुट घालून रात्रभर उभं राहत नाही.

चित्रकथीचं गाव पिंगुळी तर तुमच्या दारात आहे. तिथल्या ठाकर समाजाच्या चित्रकथीत चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात आणि एकेक चित्र पुढे धरून कथा गायली जाते. रंगवणं आणि सादर करणं तिथे वेगळं काढताच येत नाही. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच परंपरेसाठी. ती कारागिरी आणि मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातली तेवढी कला, हा भेद चित्रकलेच्या तासाला वर्षानुवर्षं शिकवला गेला. त्यापायी कितीतरी मुलांनी घरातला कुंचला खाली ठेवला, याचा मला राग आहे.

काही गोष्टी मात्र तपासाच. कम्युनिटी कॉलेज ही यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) योजना आहे. प्रमाणपत्रावर कुठल्या विद्यापीठाचं नाव येणार, हे लेखी घ्या. शिकवायला गंजिफा रंगवणारा, दशावतारात उभा राहणारा माणूस येतो की फक्त पाहुणा म्हणून एक दिवस, तेही विचारा. शाळेत चित्रकला शिक्षिका व्हायचं असेल तर एटीडी (आर्ट टीचर डिप्लोमा) लागतो, हा डिप्लोमा चालणार नाही. रीतसर कलाशिक्षण कोकणातच हवं असेल तर चिपळूणजवळ सावर्ड्याला कला महाविद्यालय आहे, ते आधी बघून या. आणि बारावीचा अभ्यास व सीईटीचा सराव सांभाळून जमत असेल तरच आत्ता प्रवेश घ्या, नाहीतर परीक्षा होऊ द्या.